प्रवासाला निघण्याआधी रेबीजची लस: कोल्हापुरातून पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

काठमांडूत स्वयंभूनाथाच्या पायऱ्यांवर एका माकडानं माझ्या मित्राच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढला आणि जाता जाता अंगठ्याच्या मुळाशी चावलं. रक्त आलं. आम्ही बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, रुमाल गुंडाळला आणि दवाखाना शोधायला लागलो. पहिल्या दवाखान्यात लस मिळाली. पण डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे, नुसत्या लशीवर भागणार नाही, जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं औषध, द्यावं लागेल आणि ते आमच्याकडं नाही. दुसरीकडंही नव्हतं. ते मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या ठिकाणी. तोपर्यंतची रात्र आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. ट्रेक तिथंच संपला.

परत आल्यावर कळलं, की निघण्याआधी कोल्हापुरातच लस घेतली असती तर त्या सीरमची गरजच पडली नसती. आधी घेतलेल्या लशीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर मी स्वतः लस घेतली, बरोबर येणाऱ्यांनाही घ्यायला लावली. त्यातून जे कळलं ते पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे. तुमच्या तब्येतीचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आधी आजार समजून घ्या

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडं सरकतो. या वाटचालीला बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर कधी वर्षानं लक्षणं दिसतात. पाण्याची भीती, वारा सहन न होणं, घशाचे झटके ही लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या आधी मात्र हा आजार पूर्ण टाळता येतो. जे करायचं ते या मधल्या काळातच.

माणसाला होणारा रेबीज 99 टक्के वेळा कुत्र्यामुळं होतो. पण मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, गाय-म्हैस अशा कुठल्याही सस्तन प्राण्याकडून तो होऊ शकतो. पाल, साप, पक्षी यांच्यापासून होत नाही.

तुम्हाला लस हवी आहे का?

आपण रोज भटक्या कुत्र्यांमधूनच वावरतो, रात्री सांगली फाट्यावरून गाडीवर येताना कुत्री मागं लागतातच, मग प्रवासासाठी वेगळी लस कशाला, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कोल्हापुरात कुत्रं चावलं तर अर्ध्या तासात सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठता येतं. हिमालयातल्या एखाद्या गावात तसं होत नाही. म्हणजे कुत्री किती आहेत यापेक्षा दवाखाना किती लांब आहे, तिथं लस आणि सीरम मिळेल का, हे आधी बघायचं.

नेपाळ किंवा हिमाचलमधला लांबचा ट्रेक, दुचाकीवरून किंवा सायकलवरून मोठा प्रवास, आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात महिनाभराचा मुक्काम, गुहांमध्ये फिरणं, प्राण्यांसोबत काम करणं, यातलं काही तुमच्या बेतात असेल तर लस घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बालीला निघालेल्यांनीही विचार करावा. तिथं 2008 पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे आणि मंदिरांच्या आवारातली माकडं सरळ अंगावर चढतात.

लहान मुलं बरोबर असतील तर आणखी सावध राहा. मूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीचं असतं, त्यामुळं चावा चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतो, आणि तिथून मेंदू जवळ. शिवाय ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

जपान, न्यूझीलंड, सिंगापूर इथं जाणाऱ्यांना सहसा या लशीची गरज नसते. आपल्याकडं अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपही रेबीजमुक्त मानले जातात. शिकायला ऑस्ट्रेलियाला किंवा ब्रिटनला निघालेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथल्या कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, पण वटवाघळांमध्ये रेबीजच्याच कुळातले विषाणू आहेत. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ हातानं उचलायचं नाही.

पायरी पहिली: कॅलेंडर घेऊन बसा

आपल्याकडं प्रवासाआधीच्या लशीचे तीन डोस देतात: शून्य, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ‘शून्य’ म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस. नवख्या माणसाचा गोंधळ इथंच होतो, तो पहिल्या दिवसाला ‘एक’ धरून मोजत बसतो. समजा, 3 नोव्हेंबरला पहिला डोस घेतला. तर दुसरा 10 नोव्हेंबरला आणि तिसरा 24 नोव्हेंबरला येईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्यानं दिवाळीच्या गडबडीतही हे तीन दिवस मोकळे ठेवायला हवेत. माझा सल्ला, तिकीट काढाल त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

वेळ कमी असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 पासून शून्य आणि 7 या दोनच दिवसांचं वेळापत्रकही मान्य केलं आहे. त्यामुळं हाताशी दहा दिवस असतील तरी डॉक्टरांना विचारा. फक्त एकच डोस घेऊन निघावं लागलं तर स्वतःला पूर्ण लस घेतलेला समजू नका. प्रवासात प्राणी चावला तर सीरमसकट सगळा उपचार घ्यावा लागेल.

एखादा डोस दोन-चार दिवस पुढं गेला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यायचा आणि पुढं चालायचं.

पायरी दुसरी: लस कुठं घ्यायची

चावा बसल्यानंतरच्या उपचारासाठी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हा कोल्हापूरकरांचा पहिला आधार. महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय, इचलकरंजीत आयजीएम (इंदिरा गांधी) रुग्णालय, आणि तालुक्याच्या ठिकाणची सरकारी रुग्णालयं. पण सरकारी दवाखान्यातला साठा आधी चावा बसलेल्यांसाठी असतो आणि तसाच असायला हवा. सहलीला जायचं म्हणून आधी घ्यायची लस खासगी डॉक्टरांकडं घ्या. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्कात फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ भरपूर आहेत. फोनवर नेमकं विचारा: “कुत्रं चावलेलं नाही, प्रवासाआधी घ्यायची आहे, तीन डोसची.” हे आधीच सांगितलं नाही तर समोरचा चावल्यानंतरचंच वेळापत्रक गृहीत धरतो.

बऱ्याचदा डॉक्टर चिठ्ठी देतात आणि लस मेडिकलमधून आणायला सांगतात. अशा वेळी घाई करू नका. ही लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते. मेडिकलवाल्यानं ती फ्रीजमधून काढून बर्फाच्या पिशवीसोबत द्यायला हवी. घेतली की थेट दवाखाना. वाटेत महाद्वार रोडला खरेदी करत बसू नका, गाडीच्या डिकीत ठेवून रंकाळ्यावर चक्कर मारू नका. घरी ठेवायचीच वेळ आली तर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा, बर्फाच्या खणात कधीही नाही. पक्कं बिल घ्या, बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख स्वतः वाचा, जमल्यास फोटो काढा. लशीची किंमत डोसाला काही शे रुपये आहे. सीरमच्या माणसाच्या रक्तापासून केलेल्या प्रकाराला काही हजार लागतात.

इंजेक्शन दोन प्रकारे देतात: दंडाच्या स्नायूत पूर्ण डोस, किंवा कातडीच्या थरात 0.1 मिलीलिटर. कातडीतल्या पद्धतीत एका बाटलीत बऱ्याच जणांचं भागतं, म्हणून सरकारी दवाखान्यांत ती वापरतात. नीट दिली तर दोन्हीचा उपयोग सारखाच. लहान बाळांना मांडीत देतात. कुल्ल्यावर ही लस कुणालाही देत नाहीत, तिथं ती नीट लागू पडत नाही. कुणी तिथं टोचायला लागलं तर थांबवा. लाजू नका.

पायरी तिसरी: लशीत काय काय असतं

आमच्या ग्रुपमधल्या एका जैन मैत्रिणीनं डॉक्टरांना हेच पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं होतं. ते इथं देतो.

मुख्य घटक म्हणजे मारलेला रेबीजचा विषाणू. तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनानं निष्क्रिय करतात. त्यामुळं लशीमुळं रेबीज होणं शक्य नाही. स्नायूत द्यायच्या एका डोसाची ताकद किमान 2.5 आंतरराष्ट्रीय एकक असावी लागते.

पेशी कुठल्या, यावरून लशीचे प्रकार पडतात. काही लशी कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या पेशींवर वाढवतात, रॅबीपूर त्यातली. काही व्हेरो पेशींवर. या पेशींचा वाण 1962 मध्ये जपानमध्ये आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून तयार केला गेला आणि आजही तोच प्रयोगशाळेत वाढवला जातो. अभयरॅब, इंडिरॅब, व्हेरोरॅब, रॅबिव्हॅक्स-एस या लशी व्हेरो पेशींच्या. परदेशात मानवी पेशींवर वाढवलेलीही लस मिळते.

याशिवाय लस टिकावी म्हणून माल्टोज किंवा सुक्रोज यांसारखी साखर, काही कंपन्यांच्या लशीत मानवी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, काहींत गाईच्या जिलेटिनवर प्रक्रिया करून केलेलं पॉलिजेलिन. पेशी वाढवताना जंतू होऊ नयेत म्हणून वापरलेल्या निओमायसिनसारख्या प्रतिजैविकांचा अगदी सूक्ष्म अंश उरतो. बाटलीत पांढरी भुकटी असते, ती सोबतच्या निर्जंतुक पाण्यात किंवा सलाईनमध्ये विरघळवून देतात. कंपनीनुसार यादी बदलते, म्हणून खोक्यातला कागद वाचायला मागा.

यावरून दोन गोष्टी ठरतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगून व्हेरो पेशींची लस घ्यावी. निओमायसिन किंवा जिलेटिनची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगावं. आणि जी पूर्णपणे शाकाहारी म्हणता येईल अशी रेबीजची लस बाजारात नाही. माझ्या मैत्रिणीनं हे ऐकून घेतलं, घरी बोलली आणि लस घेतली. तिचा निर्णय तिनं माहिती घेऊन केला याचं मला समाधान आहे.

पोटातली चौदा इंजेक्शनं

आजही आमच्या गल्लीतल्या आजी ‘पोटात चौदा सुया’ म्हणून मुलांना घाबरवतात. ती भीती खोटी नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीत तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि पोटावर रोज टोचत असत. ती खूप दुखायची, आणि क्वचित एखाद्याला तिच्यामुळंच लकवा व्हायचा. भारतात 2004 च्या अखेरीस तिचं उत्पादन बंद झालं. आजची लस वेगळी आहे, दंडात टोचतात, सुई बारीक असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांनी त्या काळी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पायरी चौथी: टोचल्यावर काय होतं

मला पहिल्या डोसनंतर दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही. दुसऱ्या डोसनंतर संध्याकाळी अंग मोडून आलं, डोकं जड झालं, सकाळी बरा होतो. हा अनुभव अगदी सर्वसाधारण आहे. टोचलेली जागा दुखणं, लाल होणं, सुजणं, खाजणं हे बऱ्याच जणांना होतं. कातडीत दिलेल्या लशीत खाज आणि लाली थोडी जास्त दिसते. डोकेदुखी, मळमळ, पोटात कळ, स्नायू दुखणं, चक्कर, बारीक ताप, काखेतली गाठ सुजणं हेही होऊ शकतं. एक-दोन दिवसांत उतरतं. गरज पडली तर पॅरासिटामॉल. जागा चोळायची नाही, शेकायची नाही, तिथं हळद-चुना लावायचा नाही.

पूर्वी लस घेतलेल्या माणसाला पुढं बूस्टर दिल्यावर, विशेषतः मानवी पेशींच्या लशीनंतर, अंगावर पित्ताच्या गांधी उठणं आणि सांधे दुखणं असा त्रास थोड्या जणांना होतो. नसांच्या आजाराच्या अगदी मोजक्या नोंदी झाल्या आहेत, पण त्या लशीमुळंच झाल्या असं सिद्ध झालेलं नाही.

खरी काळजी करायची ती तीव्र ॲलर्जीची. ती फार क्वचित होते आणि झाली तर बहुधा काही मिनिटांतच. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी, डोळ्यांपुढं अंधारी यातलं काहीही वाटलं तर लगेच सांगा. सुई पाहून भोवळ येणाऱ्यांनी लस आडवं पडून घ्यावी.

तीन प्रकारच्या लोकांनी डॉक्टरांशी सविस्तर बोलावं. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा हिवतापासाठी क्लोरोक्विन घेणाऱ्यांनी, कारण या गोळ्यांमुळं कातडीत दिलेल्या लशीचा परिणाम कमी होऊ शकतो आणि त्यांना स्नायूत देणं बरं. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी किंवा तसा आजार असणाऱ्यांनी, कारण त्यांना लस पुरेशी लागू पडेलच असं नाही. आणि ताप-खोकल्यानं आजारी असणाऱ्यांनी, त्यांनी बरं वाटेपर्यंत प्रवासाआधीची लस पुढं ढकलावी. गरोदर बाईला मात्र प्राणी चावला तर लस टाळायची नसते, ती सुरक्षित आहे. चावा बसल्यानंतरच्या लशीला कुणालाच मनाई नाही, समोर मृत्यू उभा असतो.

पथ्याबद्दल एवढंच: काही नाही. “महिनाभर मटण बंद, तेलकट बंद” असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. तांबडा-पांढरा खाल्ल्यानं लशीवर काही परिणाम होत नाही. आंघोळ करा, कामाला जा. पन्हाळा चढायला तेवढं दंडदुखी उतरल्यावर जा.

पायरी पाचवी: प्रवासात चावलंच तर

लस घेतली म्हणजे काम झालं, हा समज जिवावर बेतू शकतो. लस घेतलेल्यानंही चावल्यावर पुढची तिन्ही कामं करायचीच आहेत.

पहिलं, जखम धुणं. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून. आम्ही काठमांडूत दोन मिनिटं धुतली आणि पुढं पळालो, ती चूक होती. विषाणू जखमेतच असतो तोवर साबण त्याला मारतो, आणि हा उपचार जगात कुठंही फुकट मिळतो. आता माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात साबणाची वडी आणि पोव्हिडोन आयोडीनची बाटली कायम असते. धुतल्यावर ते आयोडीन लावायचं. मिरचीपूड, चुना, तेल, हळद यातलं काही नाही. घट्ट पट्टी नाही. टाके सहसा घालत नाहीत, त्यानं विषाणू खोल जाऊ शकतो.

दुसरं, त्याच दिवशी लस. आधी पूर्ण लस घेतलेल्याला फक्त दोन डोस लागतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, सीरम नाही. न घेतलेल्याला स्नायूत पाच डोस (शून्य, 3, 7, 14, 28) किंवा कातडीत चार वेळा, दर वेळी दोन्ही दंडांत (शून्य, 3, 7, 28). रक्त आलं असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर शिवाय सीरम, जखमेत आणि तिच्याभोवती टोचून. सीरम पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत देता येतं, म्हणून शोध सोडू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2017 मध्ये आणलेलं रॅबिशील्ड हे मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांचं, औषधही सीरमऐवजी देतात.

तिसरं, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि जखम चिघळू नये म्हणून डॉक्टर देतील ती औषधं.

नुसता ओरखडा आहे, रक्त नाही, म्हणून सोडून देऊ नका. तिथंही लस लागते. धड कातडीवर कुत्र्यानं चाटलं तर धुतलं की झालं. गल्लीतलं ओळखीचं कुत्रं असेल तर लस सुरू करून त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येतं. मसाई पठारावर धनगराच्या कुत्र्यानं धरलं तर निदान मालकाला विचारता येतं. बँकॉकच्या रस्त्यावरचं कुत्रं दहा दिवसांनी कुठं शोधणार? आणि माकडाला हा दहा दिवसांचा हिशेब लागूच होत नाही.

कोर्स मध्येच मोडून घरी परतलात तरी पुढचे डोस इथं घेता येतात. तिथली कंपनी इथं मिळाली नाही तर दुसऱ्या कंपनीची लस चालते. माझ्या मित्रानं उरलेले डोस कोल्हापुरातच पूर्ण केले. दोन वर्षांनी आंबोलीच्या वाटेवर त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं, तेव्हा त्याला दोनच इंजेक्शनं घ्यावी लागली. सीरमसाठी धावपळ झाली नाही.

कागद

प्रत्येक डोसाची तारीख, कंपनी, बॅच नंबर, स्नायूत की कातडीत, हे डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, शक्यतो इंग्रजीत. हा कागद नसेल तर परदेशातला डॉक्टर तुम्हाला लस न घेतलेला समजून सगळा उपचार करेल, आणि त्याचं ते बरोबरच असेल. एक प्रत पासपोर्टच्या कव्हरात, फोटो फोनमध्ये, दुसरा फोटो घरच्यांकडं. साध्या प्रवाशाला दर वर्षी बूस्टर लागत नाही, शरीर ही लस अनेक वर्षं लक्षात ठेवतं, तेव्हा हा कागदही तेवढीच वर्षं जपून ठेवावा लागेल. मी माझा लॅमिनेट केलेला नाही, कारण पुढच्या डोसांची नोंद त्याच्याच मागच्या बाजूला करायची आहे.